कासवाच्या सिनेमाला अर्धं पीस

एका जंगलात, मुलांनो, एक गुहा होती आणि त्या गुहेत दर शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा.

जंगलात सिनेमा कसा, असं मागच्या ओळीतून कोणीतरी विचारलं. विचारणाऱ्याने आधी हातातला मोबाइल खिशात घालावा. हं. आता सांगतो.

गुहेच्या छपराला एक भोक होतं. दुपारी बाराला सूर्य त्या भोकावर यायचा आणि तीनपर्यंत तिथेच रेंगाळायचा. भोकापाशी कोळ्याने विणलेली लांबलचक पट्टी असायची आणि पट्टीवर चित्रं रंगवलेली असायची. पट्टी उन्हातून सरकवली की समोरच्या भिंतीवर चित्रं हलायची. बारा ते दीड एक खेळ, दीड ते तीन दुसरा. पावसाळ्यात गुहा बंद. आवाज नव्हता, त्यामुळे प्रेक्षकांना बोलायला भरपूर वाव होता.

गुहा अस्वलशेठची होती. छपरावर बसून पट्टी सरकवायचं काम तो स्वतः करायचा. तिथून त्याला भिंत दिसत नसे. त्याने जन्मात एकही सिनेमा पाहिला नव्हता आणि धंदा उत्तम चालला होता.

गुहेबाहेर जांभळीचं झाड होतं आणि झाडाखाली दगडी कट्टा होता. सिनेमा पाहून बाहेर पडलं की त्या कट्ट्यावर बसून मत द्यायचं, अशी तिथली रीत होती. मत न देता कोणी सरळ घरी गेलं तर शेजारीपाजारी तब्येतीची चौकशी करायला यायचे.

पण कट्ट्यावर जागा पाचांचीच होती. बाकीच्यांना खाली मातीत बसून ऐकावं लागायचं. मातीत बसून दुसऱ्याचं मत ऐकायला तुम्हाला आवडेल का? त्यांनाही आवडायचं नाही. मग जनावरं जागा धरायला म्हणून सिनेमा संपायच्या जरा आधी उठू लागली. ते पाहून दुसरी त्यांच्याही आधी उठू लागली. वर्षभरात शेवट कोणी पाहिनासं झालं. दोन वर्षांत मध्यंतरापुढचं कोणी पाहिनासं झालं. पुढे पुढे तर मंडळी गुहेत शिरायची, कोण कोण आलंय ते बघायची आणि धावत कट्टा गाठायची.

शेवटी पाच जणांनी त्या जागा कायमच्या बळकावल्या.

पहिला कोल्हा. याने तरुणपणी नदीपलीकडच्या जंगलात सिनेमे पाहिले होते. निदान तो तसं सांगायचा. इथे काहीही लागलं तरी हे पलीकडे दहा वर्षांपूर्वी होऊन गेलंय, असं तो म्हणायचा. त्याने सिनेमा पाहणं कधीच सोडून दिलं होतं. पाहिल्याने मत गढूळ होतं, असं त्याचं मत होतं.

दुसरं माकड. ते पहिली दहा मिनिटं पाहायचं, बाहेर यायचं आणि सगळ्यांना शेवट सांगायचं. शेवट अर्थात त्याने स्वतःच रचलेला असायचा. खरा शेवट कोणीच पाहत नसल्यामुळे माकडाचाच शेवट जंगलभर चालायचा.

तिसरं रानडुक्कर. ते वाघाचं भक्त होतं. वाघाच्या सिनेमाला ते भिंतीवर फुलं उधळायचं आणि वाघाबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की सुळे दाखवायचं. मत म्हणून त्याच्याकडे एवढंच होतं, पण ते धारदार होतं.

चौथा ससा. हा शेवटी जो बोलेल त्याच्याशी सहमत व्हायचा.

आणि पाचवा मोर. मोराचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्या शेपटाला लटकलेली आहे.

सिनेमाला पिसं देण्याची पद्धत मोरानेच सुरू केली होती. उत्तम सिनेमाला पाच पिसं, बऱ्याला तीन, टाकाऊला एक. रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर निकाल लागायचा आणि तेवढी पिसं गुहेच्या तोंडाशी टांगली जायची. जनावरं लांबूनच पिसं मोजायची आणि आत जायचं की नाही ते ठरवायची.

आता लक्ष देऊन ऐका. मोराची पिसं भाद्रपद-आश्विनात आपोआप गळतात. झाडाखाली ढीग पडतो. आश्विनात गुहा उघडली की लागलेल्या प्रत्येक सिनेमाला पाच पिसं मिळायची. एकदा एकाला सहा मिळाली. वैशाख-ज्येष्ठात मात्र मोराचा पिसारा भरलेला असतो, लांडोरींपुढे नाचायचे दिवस तोंडावर आलेले असतात आणि एकेक पीस उपटताना डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवसांत लागणारे सगळे सिनेमे टाकाऊ निघायचे. उन्हाळ्यात दर्जा का घसरतो यावर कट्ट्यावर दरवर्षी गंभीर चर्चा व्हायची. उकाड्याने प्रतिभा आटते, असं कोल्ह्याने त्याचं निदान केलं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

त्याच जंगलात नदीकाठी एक म्हातारं कासव राहायचं. सगळे त्यांना दगडूनाना म्हणायचे. नानांनी अकरा वर्षं खपून स्वतःच्या नखाने एक सिनेमा रंगवला होता. त्यांच्या आयुष्यातला तो पहिला आणि तेवढाच.

तो त्यांनी जंगलासाठी रंगवला नव्हता. गोदाक्कासाठी रंगवला होता. गोदाक्का त्यांची थोरली बहीण. थोरली म्हणजे अंड्यातून घटकाभर आधी बाहेर आलेली. ती डोंगरापलीकडच्या तळ्यात राहायची आणि दोघांची साठ वर्षांत भेट नव्हती. जन्मल्या दिवशी तिने नानांसाठी काहीतरी केलं होतं. त्याबद्दल नानांनी तिला आजवर एक शब्द सांगितला नव्हता. कासवांना बोलायला जमत नाही. तुमच्या बाबांनाही जमत नसेल, घरी गेल्यावर बघा.

होळीच्या दिवशी नानांनी बगळ्याकरवी अक्काला निरोप धाडला, की माझा सिनेमा लागतोय, ये. अक्काने त्याच दिवशी पाय उचलला. चालता चालता वैशाख संपला. ज्येष्ठाच्या सुरुवातीला बगळा सांगत आला, की अक्का खिंड उतरली, येत्या गुरुवारी इथे पोचेल.

सिनेमा लागला त्याच्या आधीच्या शुक्रवारी. त्या हंगामातला तो शेवटून दुसरा; शेवटचा शुक्रवार वाघाच्या सिनेमाने आधीच धरून ठेवला होता. नानांना सगळ्यांनी सुचवून पाहिलं, की आश्विनापर्यंत थांबा, पिसं पडतील. पण अक्का वाटेत होती. तिला आल्या पावली परत पाठवून पुन्हा आश्विनात ये म्हणणं काही शक्य नव्हतं. शिवाय दोघंही म्हातारी झाली होती.

अडचण एवढीच होती, की रविवारी तीन पिसं मिळाली नाहीत तर सोमवारी सिनेमा उतरवायचा, असा अस्वलशेठचा नियम होता. आणि पट्टी कोळ्याची होती. सिनेमा उतरला की कोळी त्याच दिवशी ती उसवायचा आणि सुताचा गुंडा करून ठेवायचा. चित्रं त्यातच जायची. उत्तम सिनेमाची जायची, टाकाऊचीही जायची. कोळ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

नाना अस्वलशेठकडे गेले आणि गुरुवारपर्यंत थांबा म्हणून त्यांनी विनंती केली.

"नाना, माझी काही हरकत नाही," अस्वलशेठ म्हणाला. "मी तर पाहतच नाही. कट्ट्याकडून तीन पिसं आणा. गुरुवारच काय, पाऊस लागेपर्यंत ठेवतो."

म्हणून शुक्रवारी दुपारी नाना आयुष्यात पहिल्यांदा कट्ट्यापाशी जाऊन बसले. खाली, मातीत.

बाराचा खेळ सुरू झाला. दहा मिनिटांनी माकड बाहेर आलं. एक पिल्लू कासव वाळूत उताणं पडलंय आणि मग नुसतं आभाळ दाखवलंय, असं त्याने सांगितलं. किती वेळ आभाळ, असं कोल्ह्याने विचारलं. मी निघालो तोवर आभाळच चाललं होतं, असं माकड म्हणालं.

"संथ," कोल्हा म्हणाला.

झालं. एवढंच. मुलांनो, एखाद्या सिनेमाला मारायला फार मोठा शब्द लागत नाही. झाडावर बसलेल्या पोपटांनी तो शब्द उचलला आणि तासाभरात जंगलाच्या चारही टोकांना पोचवला. संध्याकाळी पाणवठ्यावर जो तो एकमेकाला संथ आहे म्हणून सांगत होता. त्यातल्या निम्म्यांना काय संथ आहे ते ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी एक छोटीशी गोष्ट घडली, ती तेवढी सांगतो. ससा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ आत बसला होता. पाव तासभर. ते उताणं पडलेलं पिल्लू आणि त्याचे हवेत हलणारे पाय पाहून त्याला उठवेना. सिनेमा आवडला म्हणून सांगायचं, असं ठरवून तो बाहेर आला. पण तोवर कोल्हा बोलून मोकळा झाला होता. सशाने कट्ट्यावरच्या आपल्या जागेकडे पाहिलं. ती अजून रिकामी होती.

"संथच आहे," ससा म्हणाला आणि वर जाऊन बसला.

रानडुकराने नानांना विचारलं, की वाघ कितव्या मिनिटाला येतो. वाघ नाही, असं नानांनी सांगितलं. रानडुकराला वाटलं, नानांच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल. म्हणून त्याने पुन्हा मोठ्याने विचारलं. मोराने आपुलकीने सल्ला दिला, की आभाळ आहेच तर त्यात चार ढग घाला आणि खाली एक नाच बसवा. नाचणारा कोण असावा हे त्याने सांगितलं नाही, पण पिसारा थोडासा उघडून दाखवला.

शनिवारी गुहा निम्मी भरली. रविवारी दोन खारी आल्या, त्याही उन्हाच्या झळांतून सावलीला.

एक प्रेक्षक मात्र सहाच्या सहा खेळांना होता. त्याचं नाव म्हादू. हा शेणकिडा. गुहेत झाडलोट करायचं काम त्याच्याकडे होतं. वाघाचा सिनेमा असला की प्रेक्षक घाबरायचे आणि घाबरलेल्या प्रेक्षकांकडून जे व्हायचं ते गोळा करताना म्हादूला मान वर करायला फुरसत मिळायची नाही. नानांच्या सिनेमाला कोणीच घाबरलं नाही. म्हादूला काही कामच उरलं नाही. मग तो एका कोपऱ्यात बसला आणि त्याने सिनेमा पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सहा वेळा.

त्याला कोणी मत विचारलं नाही. झाडणाऱ्याला कोण विचारतं?

रविवारची संध्याकाळ झाली. निकालाला सगळं जंगल जमलं. सिनेमाला यायला ज्यांना वेळ झाला नव्हता तेही निकालाला वेळेवर आले. नाना दुपारपासूनच येऊन बसले होते. आता ते पुढे झाले. माझ्या सिनेमाला चांगलं म्हणू नका, असं ते म्हणाले. हवं तेवढं वाईट म्हणा, पण तीन पिसं टांगा, कारण माझी बहीण डोंगर ओलांडून चालत येतेय आणि ती गुरुवारी पोचणार आहे. नानांनी एका दमात इतकी वाक्यं पूर्वी कधी बोललेली कोणी ऐकली नव्हती.

"नाना, तुमच्याबद्दल आदर आहे," कोल्हा म्हणाला. "पण इथे नाती आणू नका. आम्ही कलेशी बांधील आहोत."

नानांनी कट्ट्यावरच्या पाचांकडे एकेक करून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "शेवट पाहिलात का कोणी?"

कट्ट्यावर जरा चुळबुळ झाली. सशाने कान खाजवला. कोल्ह्याने शांतपणे सांगितलं, की शेवट कळायला तो पाहावाच लागतो असं नाही, जाणत्याला सुरुवातीवरून अंदाज येतो. माकड म्हणालं, अंदाज कशाला, मी सांगतो की, शेवटी कासव मरतं. रडवायचा स्वस्त प्रकार आहे.

"मरत नाही," नाना म्हणाले.

"मग मरायला हवं होतं," माकड म्हणालं. "त्याशिवाय परिणाम होत नाही."

मरायला हवं होतं ते कासव त्याच्या समोरच बसलं होतं. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ते कळायला निदान अर्धा सिनेमा पाहावा लागला असता.

मोर उठला. त्याने मान वळवून आपल्या पिसाऱ्याकडे पाहिलं. पिसारा त्या दिवशी खरोखरच फार सुंदर दिसत होता. अगदी कडेचं, सगळ्यांत आखूड असं एक पीस त्याने शोधलं. ते उपटताना तो कळवळला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ते मधोमध मोडलं आणि वरचा डोळ्याचा भाग पुन्हा आपल्या पिसाऱ्यात खोचून ठेवला. उरलेली काडी गुहेच्या तोंडाशी टांगली.

अर्धं पीस. जंगलाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कट्टा किती निर्भीड आहे, असं जो तो म्हणू लागला.

सोमवारी सिनेमा उतरला. कोळ्याने दुपारी पट्टी उसवायला घेतली आणि दिवस मावळायच्या आत अकरा वर्षांचा एक छोटासा गुंडा झाला. शुक्रवारपर्यंत गुहा रिकामी नको म्हणून मंगळवारीच वाघाचा 'डरकाळी, भाग सातवा' लागला. म्हादूला पुन्हा काम सुरू झालं.

नाना घरी गेले नाहीत. घरी जाऊन काय करणार? गुरुवारी अक्का इथेच येणार होती. पण तिला तोंड कसं दाखवायचं, हे काही त्यांना सुचेना. कट्ट्याला लागून ते बसले आणि त्यांनी मान व पाय पाठीच्या आत ओढून घेतले. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी कुठूनसं एक तरस आलं. कट्ट्याशेजारी एक बरासा दगड दिसला म्हणून ते त्याच्यावर बसलं आणि 'डरकाळी'बद्दल मत देऊ लागलं. कट्ट्यावर सहावी जागा झाली म्हणून सगळ्यांना आनंदच झाला.

गुरुवारी दुपारी गोदाक्का पोचली.

तिच्या पाठीवर अडीच महिन्यांची धूळ होती आणि एका पायाने ती लंगडत होती. तिने कट्ट्यापाशी येऊन विचारलं, की दगडू कासवाचा सिनेमा लागलाय ती गुहा हीच का.

कट्ट्याला कोण आनंद झाला. सिनेमाबद्दल काहीच न ऐकलेलं जनावर त्यांना कित्येक दिवसांत भेटलं नव्हतं. आधी सिनेमा उतरल्याचं तिला सांगण्यात आलं आणि लगेच मतं सुरू झाली. कोल्ह्याने संथपणाचे तीन प्रकार समजावून सांगितले. माकडाने कासवाचा मृत्यू सांगितला. मोराने उन्हाळ्यातला दर्जा सांगितला. रानडुकराने वाघ नसल्याचं सांगितलं. सशाने या सगळ्याला दुजोरा दिला. सिनेमा लागला तेव्हा तरस या जंगलातच नव्हतं, तरी त्यानेही आपलं मत सांगितलं.

अक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उतरल्याचं ऐकलं तेव्हाच तिची मान थोडी खाली गेली होती. ती तशीच होती.

"बरं," ती म्हणाली. "पण होतं काय त्यात?"

कोल्हा म्हणाला, की आशय म्हणाल तर तो अस्तित्वाचा आहे. अक्काने विचारलं, म्हणजे काय होतं त्यात? आधी काय झालं, मग काय झालं? कोल्ह्याने माकडाकडे पाहिलं. माकडाने सशाकडे पाहिलं.

"एक पिल्लू उताणं पडतं," ससा हळूच म्हणाला. "पुढचं नाही माहीत. जागा जाते ना."

त्याच वेळी म्हादू आपला गोळा ढकलत गुहेतून बाहेर येत होता. तो थांबला. गोळा त्याने एका बाजूला टेकवला, पाय पुसले आणि पुढे आला.

"अक्का, मी सांगू का?" तो म्हणाला. "मी पाहिलाय."

त्याने सांगितलं. नदीकाठची वाळू. अंड्यांतून शंभरेक पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्याकडे धावत सुटतात. वर घारी. एक पिल्लू दगडाला अडखळतं आणि उताणं होतं. बाकीची त्याच्या बाजूने जातात, काही तर त्याच्या पोटावरून जातात. मग कोणी उरत नाही आणि आभाळ दिसायला लागतं.

"ही मंडळी म्हणतात ना, आभाळ फार वेळ आहे," म्हादू म्हणाला. "आहेच ते. पण अक्का, मी अधूनमधून उताणा पडतो. तेव्हा तेवढंच असतं. कोणी येऊन सरळ करीपर्यंत दुसरं काही दिसतच नाही. नानांनी ते अगदी बरोबर काढलंय."

अक्काची मान जरा वर आली. म्हादू पुढे सांगू लागला.

"मग आभाळात एक तोंड दिसतं. उलटं. ती त्याची बहीण असते. ती नाकाने त्याला ढकलते. एकदा जमत नाही, दोनदा जमत नाही. घारीची सावली फिरत असते. तिसऱ्यांदा जमतं. मग दोघं धावतात आणि पाण्यात शिरतात. शिरताना ती मागे वळून बघते, तो येतोय का ते. तिथे संपतो सिनेमा."

"एवढंच?" अक्काने विचारलं.

"एवढंच. आणि एक आहे." म्हादू जरा अडखळला. "तिच्या पायांना ओली वाळू लागलेली असते. पहिल्या पाहण्यात मला नाही कळलं. तिसऱ्या खेळाला कळलं. बाकी सगळी वाळू कोरडी आहे आणि हिच्या पायांना तेवढी ओली. म्हणजे ती पाण्यापर्यंत पोचली होती. तिथून परत आली. नानांनी प्रत्येक चित्रात ती वाळू रंगवलीय, एकही चुकवलेलं नाही."

अक्काने आपल्या पायांकडे पाहिलं.

"त्याला दिसलं होतं तर," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी पाण्यातून परत आले होते हे त्याला कधी कळलंच नाही."

तेवढ्यात तरसाखालचा दगड हलला. तरस घसरलं, गडगडलं आणि चारही पाय वर करून उताणं पडलं. घटकाभर तेही आभाळ बघत राहिलं. दगडातून आधी पाय बाहेर आले, मग मान बाहेर आली.

"पोचलीस," नाना म्हणाले.

"पोचले," अक्का म्हणाली.

कासवांना बोलायला जमत नाही, हे मघाशी सांगितलंच आहे. दोघं नदीच्या दिशेने चालायला लागली. नाना पुढे आणि अक्का मागे. थोड्या वेळाने नानांनी थांबून मागे वळून पाहिलं, ती येतेय का ते. दिवस मावळेपर्यंत ती दोघं कट्ट्यावरून दिसत होती, कारण कासवं सावकाश चालतात.

आता मुलांनो, तुमचे चेहरे मला दिसताहेत. यानंतर कट्ट्याला लाज वाटली असेल, कोल्ह्याने माफी मागितली असेल आणि म्हादूला वर बसवलं असेल, याची तुम्ही वाट बघताय. मलाही ते सांगायला आवडलं असतं. पण मी काय तुमच्याशी खोटं बोलू?

एक जांभूळ झाडावरून खाली पडायला लागतो तेवढा वेळ कट्टा गप्प होता. मग कोल्हा म्हणाला, "कथन प्रामाणिक होतं, पण पाल्हाळ फार." ओल्या वाळूचा तपशील काढून टाकायला हवा होता, असं माकडाला वाटलं. सशाला दोन्ही पटलं. म्हादू तोवर गोळा घेऊन निघून गेला होता.

मग पाऊस आला आणि गुहा बंद झाली. आश्विनात ती पुन्हा उघडली. मोराखाली पिसांचा ढीग पडला होता आणि हंगामातला पहिला सिनेमा काही वेळेवर तयार झाला नाही. इतकी पिसं आणि सिनेमा नाही, अशी मोठी पंचाईत झाली. तेव्हा कोल्ह्याला नानांचा सिनेमा आठवला. तो काळाच्या फार पुढे होता, असं तो म्हणाला. संथपणा हीच त्याची ताकद होती, असंही म्हणाला. हे मी तेव्हाच म्हणालो होतो, हेसुद्धा त्याने सांगितलं आणि ते खोटं नव्हतं, संथ हा शब्द त्याचाच होता. पोपटांनी नवं मत उचललं. संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलाने तो सिनेमा पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेळाला पाहिलेला होता. गुहेत जागा मिळाली नव्हती म्हणून उभं राहून पाहिल्याचंही काही जण सांगू लागले.

गुहेच्या तोंडाशी पाच पिसं टांगली गेली. आत काहीच लागलेलं नव्हतं. कट्ट्याशेजारी नाना बसायचे तिथे एक खरा दगड आणून ठेवला आणि त्याला नानांचं नाव दिलं. तरसाची बसायची सोय झाली. माकडाने कासवाच्या मृत्यूचा प्रसंग सगळ्यांना पुन्हा करून दाखवला आणि लहानथोर सगळे ढसाढसा रडले.

दगडाभोवतीची जागा झाडायला म्हादूला बोलावलं होतं. तो झाडत असताना ससा कट्ट्यावरून खाली उतरला. त्याचे डोळे अजून ओले होते.

"काय सिनेमा होता रे," ससा म्हणाला. "ते आभाळ. ते उताणं पडणं. तुला शब्दांत नाही सांगता येणार. तू एकदा तरी पाहायला हवा होतास, म्हादू."

"हो का," म्हादू म्हणाला आणि गोळा ढकलू लागला. गोळा ढकलताना शेणकिड्याचं डोकं खाली आणि मागचे पाय वर असतात. त्यामुळे त्याचा चेहरा काही सशाला दिसला नाही.

तात्पर्य : मुलांनो, सिनेमा शेवटपर्यंत पाहू नये. शेवटपर्यंत बसलं की कट्ट्यावरची जागा जाते, आणि त्यातून चुकून तो आवडलाच तर सांगण्यासारखं मतही उरत नाही. तरीही ज्याला सिनेमाच पाहायची हौस असेल त्याने झाडलोटीची नोकरी धरावी.